जुन्या गीझरचा थर्मोस्टॅट बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती भिंतीवर टांगलेल्या, पाणी साठवून तापवणाऱ्या विजेच्या गीझरसाठी आहे: ६ ते २५ लिटरचा, पाच-सात वर्षं किंवा त्याहून जास्त वापरलेला. असे गीझर उन्हाळा-पावसाळ्यात कसेबसे चालतात, कुणाचं लक्ष जात नाही आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात पाहुणे असताना बिघाड उघडा पडतो. म्हणून खालची तपासणी दसऱ्याच्या आधीच करून घेतलेली बरी.

पाणी तापत नाही. थर्मोस्टॅटच गेला असं समजायचं का?

नाही. थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागावर, जेवढा आळ येतो तेवढा त्याचा दोष नसतो. नवा भाग आणण्याआधी लक्षण नीट पाहा.

गीझरचा एकही दिवा लागत नसेल तर आधी एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच), मग प्लग आणि सॉकेट पाहा. जुन्या इमारतींत १६ अँपिअरच्या सॉकेटमधली पकड ढिली झालेली असते. पिन काळी पडलेली, प्लगचं प्लॅस्टिक पिवळं किंवा वितळलेलं दिसलं तर बिघाड तिथेच आहे. नुसता प्लग बदलून भागत नाही, सॉकेटही बदलावं लागतं, नाहीतर नवा प्लग पुन्हा जळतो.

बऱ्याच गीझरला दोन दिवे असतात: एक वीज आल्याचा, दुसरा पाणी तापत असल्याचा. पहिला लागतो, दुसरा लागत नाही आणि पाणी थंड आहे, तर थर्मोस्टॅट किंवा कटआऊट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग) यांपैकी काहीतरी वीज पुढे जाऊ देत नाही. दुसराही लागतोय आणि तरी पाणी थंड, म्हणजे वीज पाणी तापवणाऱ्या कॉइलपर्यंत पोचतेय पण कॉइल तुटलेली आहे. एकच दिवा असेल तर तो थर्मोस्टॅटच्या आधी जोडलाय की नंतर हे मॉडेलवर ठरतं, तिथे मल्टिमीटरशिवाय निकाल लागत नाही.

पाणी कढत येतंय, नळ उघडल्यावर वाफ किंवा फुसफुस येतेय, गीझर आतून उकळल्यासारखा वाजतोय: हा मात्र थर्मोस्टॅटचाच दोष. त्याचे वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले आहेत. ताबडतोब बोर्डावरून बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत वापरू नका.

पहिली बादली झकास गरम आणि दुसरी अर्ध्यातच गार? टाकीत क्षार साठून जागा कमी झाली आहे किंवा आतली थंड पाण्याची नळी तुटली आहे. थर्मोस्टॅट बदलून काही फरक पडणार नाही. सिंगल लिव्हर मिक्सर (एकाच दांड्याने गरम-थंड पाणी मिसळणारा नळ) असेल तर त्यातून थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय का तेही पाहा. मिक्सरला जाणारी थंड पाण्याची कॉक बंद करून फक्त गरम पाणी सोडा. तरीही पाणी जोरात येत राहिलं आणि ते चांगलं गरम असलं तर गीझर निर्दोष आहे.

एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर बहुतेक वेळा कॉइलमधून विजेची गळती असते.

पाणी तापतं, पण पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो. का?

हिशेब सोपा आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॉटच्या कॉइलला साधारण २१ मिनिटं लागतात, २५ लिटरला ३५. हा आकडा २३० व्होल्टचा. व्होल्टेज २०० वर आलं की तीच कॉइल जेमतेम १५०० वॉट देते आणि २१ मिनिटांची २८ होतात. सकाळी सगळ्या इमारतीचे गीझर एकदम चालू असतात तेव्हा हे सहज घडतं. शिवाय पुण्यात जानेवारीत नळाचं पाणी मे महिन्यापेक्षा बरंच गार येतं. व्होल्टेज ठीक असूनही १५ लिटरला पाऊण तास लागत असेल तर मग क्षार किंवा थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅट आणि कटआऊट यांत फरक काय?

थर्मोस्टॅट रोजचं काम करतो: ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो, पाणी थोडं निवलं की पुन्हा जोडतो. कटआऊट हा राखणदार. थर्मोस्टॅटने वीज तोडली नाही आणि पाणी धोक्याच्या पातळीला, म्हणजे मॉडेलप्रमाणे साधारण ८० ते ९५ अंशांना पोचलं, की तो तोडतो. बहुतेक कटआऊट आपोआप परत जुळत नाहीत. आवरण काढल्यावर एक छोटं बटण, बहुधा लाल, दिसतं. टाकी निवल्यावर ते दाबलं की ‘टक’ आवाज होऊन जुळतं. गरम असताना कितीही दाबलं तरी बसत नाही, त्यामुळे ‘बटणही गेलं’ असा गैरसमज होतो.

कटआऊट एकदाच पडला, तर बटण दाबा आणि लक्ष ठेवा. आठवड्यात दुसऱ्यांदा पडला, तर कटआऊट चांगला आहे. त्याला पाडणारा थर्मोस्टॅट बदला.

कटआऊट काढून वायर थेट जोडली तर चालेल का? एका वायरमनने तसं करून दिलंय.

चालणार नाही, आणि करून दिलं असेल तर आजच काढून टाका. थर्मोस्टॅट चिकटला आणि कटआऊट नसला तर बंद टाकीत पाणी उकळत राहतं आणि दाब वाढत जातो. मग सगळी भिस्त एका सेफ्टी व्हॉल्व्हवर, आणि जुन्या गीझरमध्ये तो क्षारांनी जाम झालेला असू शकतो. असे गीझर फुटतात. कटआऊट काही शे रुपयांना मिळतो.

काही जुन्या गीझरला फ्यूजिबल प्लगही असतो. पाणी फार तापलं की त्यातला मऊ धातू वितळून पाणी बाहेर पडतं. तो वितळला तर त्याच प्रकारचा नवा बसवायचा. गळती थांबवायला त्या जागी साधा बोल्ट आवळलेला दिसला, तर आधीच्या कारागिराने बाकी काय काय केलंय तेही तपासून घ्या.

कोणत्या प्रकारचा थर्मोस्टॅट आणायचा?

दोन प्रकार नेहमी भेटतात. पहिला दांड्याचा: वर चौकोनी किंवा गोल डोकं, खाली पितळी नळी. नळीच्या आत इन्वार या मिश्रधातूची काडी असते. पितळ तापून लांबतं, इन्वार जवळजवळ लांबत नाही आणि त्या फरकामुळे डोक्यातला स्विच उघडतो. दुसरा कॅपिलरीचा: तांब्याची बारीक नळी, तिच्या टोकाला द्रव भरलेला बल्ब. गीझरला बाहेरून फिरवायची कळ असेल तर बहुधा हा प्रकार.

जुना भाग सोबत घेऊनच दुकानात जा आणि तीन गोष्टी जुळवा. लांबी: दांड्याच्या थर्मोस्टॅटमध्ये ७ आणि ११ इंची जास्त चालतात, लांब दांडा पूर्ण आत जात नाही, आखूड दांडा पाण्याचं तापमान खालच्याच थरात मोजतो. करंट: २००० वॉटची कॉइल ८.७ अँपिअर घेते, ३००० वॉटची १३. भागावर २५० व्होल्ट आणि किमान १६ अँपिअर लिहिलेलं हवं. तिसरी गोष्ट टर्मिनल. काही मॉडेलमध्ये दांड्याच्या थर्मोस्टॅटचे पाय थेट कॉइलच्या टर्मिनलवर बसतात, तिथे दुसऱ्या ठेवणीचा भाग बसतच नाही. कॅपिलरीत बल्बची जाडी आणि नळीची लांबीही बघावी लागते.

कंपनीचा भाग मिळत असेल तर तोच घ्या. मॉडेल बंद झालं असेल तर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जुळणारा भाग मिळण्याची शक्यता चांगली. नाव नसलेला, छापील अँपिअर नसलेला भाग कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

टाकी रिकामी करावी लागते का?

बहुतेक वेळा नाही. दांडा किंवा बल्ब थेट पाण्यात नसतो. तो कॉइलच्या फ्लँजला (टाकीच्या तोंडावर बोल्टने आवळलेल्या झाकणाला) जोडलेल्या, खालून बंद असलेल्या कोरड्या नळीत असतो. थर्मोस्टॅट ओढून काढला तर पाण्याचा थेंबही यायला नको. पाणी आलं, किंवा नळीच्या तोंडाशी ओलसर पांढरी पूड दिसली, तर नळी कुजली आहे. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलण्यात अर्थ नाही, कारण नवाही पाण्याने जाईल. फ्लँजसकट कॉइल बदलावी लागते, आणि त्यासाठी मात्र टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

बदलण्याचा क्रम सांगा.

लागणारं सामान: टेस्टर, मल्टिमीटर, दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, वायर सोलायचं हत्यार, नवे लग (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) आणि ते दाबायची पक्कड, उष्णता सोसणारी फायबरग्लासची नळी, टॉर्च, भक्कम स्टूल. मल्टिमीटर हातात धरायची सवय नसेल तर पुढचं वाचून ठेवा आणि काम वायरमनकडून करून घ्या. निदान त्याने काय करायला हवं ते कळेल.

आधी एमसीबी पाडा आणि प्लगही काढा. घरात चार माणसं असतात, कुणीतरी ‘गीझर बंद का?’ म्हणून बटण दाबतं, म्हणून बोर्डावर कागद चिकटवा. गरम पाणी बादल्यांत सोडून टाकी निववा. बाथरूमची फरशी कोरडी करा, पायात रबरी चपला असू द्या.

आवरण काढा. उभ्या गीझरमध्ये ते खालच्या बाजूला असतं, दोन ते चार स्क्रू. कळ असेल तर ती आधी ओढून काढावी लागते. आत काहीही हलवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. मग मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही शून्य असल्याची खात्री करा. फक्त टेस्टरवर विसंबू नका. जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात, म्हणून दोन्ही टर्मिनल तपासा.

साधारण जोडणी अशी असते: फेज आधी कटआऊटला, तिथून थर्मोस्टॅटला, तिथून कॉइलला, न्यूट्रल कॉइलच्या दुसऱ्या टोकाला. काही कटआऊट फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतात, त्यांना चार टोकं असतात. वायर काढताना लग पकडीने धरून ओढा, वायर ओढू नका. थर्मोस्टॅट सरळ खाली ओढा. अडकला तर किंचित डावी-उजवीकडे फिरवा, पण पिरगाळू नका, नाहीतर पितळी नळी आत तुटून राहते. टॉर्चने आत बघा: कोरडं हवं.

नवा थर्मोस्टॅट पूर्ण आत सरकवा. कॅपिलरी असेल तर तिची मोठ्या वळणाची गुंडाळी करा. कडक घडी पडली तर आतला द्रव सरकत नाही. ही तांब्याची नळी उघड्या टर्मिनलला कुठेही टेकता कामा नये.

यापुढची पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकवली जाते. जुन्या वायरचं टोक काळं पडलेलं असतं आणि कारागीर त्यालाच नवा थर्मोस्टॅट जोडून मोकळा होतो. काळं तांबं नीट चिकटत नाही, तिथे रोध वाढतो, जोड तापतो आणि काही महिन्यांत नव्या थर्मोस्टॅटचं टर्मिनल वितळतं. दोष नव्या भागाला मिळतो. म्हणून चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापा, नवा लग दाबून बसवा, त्यावर फायबरग्लासची नळी चढवा. वायर पुरत नसेल तर २.५ चौरस मिलिमीटरची, उष्णता सोसणारी तांब्याची नवी वायर घाला. मध्ये पीळ मारून, टेप गुंडाळून जोड देऊ नका. अर्थिंगचा स्क्रू गंजला असेल तर घासून पुन्हा आवळा.

आवरण लावा. वीज देण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडा आणि हवेचे झटके थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. टाकी भरलेली असल्याची खूण तीच. मग वीज द्या, कळ मध्यावर ठेवा, वेळ लावा आणि दिवा विझल्यावर नळाचं पाणी थर्मामीटरने मोजा.

जुना थर्मोस्टॅट खरंच खराब होता हे कसं तपासायचं?

मल्टिमीटर रोधावर लावून दोन टर्मिनलमध्ये मोजा. थंड असताना जवळजवळ शून्य ओहम यायला हवा. मग पातेल्यात गरम पाणी घेऊन फक्त दांडा बुडवा, डोकं नाही. ठरलेल्या तापमानाला ‘टक’ आवाज येऊन वाचन अनंत व्हायला हवं आणि निवल्यावर पुन्हा शून्य. उकळत्या पाण्यातही शून्यच राहिलं तर कॉन्टॅक्ट चिकटलेत. थंड असतानाच काही ओहम दाखवत असेल तर कॉन्टॅक्ट जळलेत. असा थर्मोस्टॅट चालतो, पण तापतो.

हातासरशी कॉइलही मोजा, दोन्ही टोकांच्या वायर सुट्या करून. २००० वॉटला सुमारे २६ ओहम, ३००० ला सुमारे १७.६. कॉइलचं टोक आणि टाकीचं अंग यांच्यात मात्र काहीच वाचन यायला नको. सूक्ष्म गळती साध्या मल्टिमीटरला दिसत नाही, त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लागतो. आरसीसीबी पडत असेल तर मेगर असलेल्या माणसालाच बोलवा.

तापमान किती ठेवावं?

५५ ते ६०. फार कमी ठेवून पैसे वाचवण्याच्या नादात पडू नका: लेजिओनेला हा जीवाणू २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतो आणि ६० च्या वर टिकत नाही. उलट, ६० अंशांचं पाणी थेट अंगावर पडलं तर पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजतं; लहान मुलांना आणि वृद्धांना त्याहून लवकर. म्हणून घरात तान्हं बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. ७५ वर ठेवल्यास क्षार झपाट्याने धरतात.

दांड्याच्या थर्मोस्टॅटच्या डोक्यावर छोटी खाच असते, ती स्क्रू ड्रायव्हरने फिरवून तापमान बदलतं. वीज बंद करूनच.

वर्षभरात दुसरा थर्मोस्टॅट गेला. असं का होतं?

वर सांगितलेला काळा जोड हे पहिलं कारण. दुसरं क्षार. खडकवासल्याच्या धरणसाखळीतून येणारं पुणे महापालिकेचं पाणी तुलनेने मऊ आहे. पण वाघोली, बावधन, उंड्री किंवा हिंजवडीच्या बाजूला जिथे बोअर आणि टँकरवर भागवावं लागतं, तिथे बेसाल्टच्या खडकातून आलेलं जड पाणी टाकीत तापतं आणि कॉइलवर पांढरा थर चढतो. पडलेली खपली तळाशी साठते आणि थर्मोस्टॅटची नळी त्यात गाडली जाते. मग नळीभोवतीचा गाळ चटकन तापतो, थर्मोस्टॅट लवकर तोडतो, लवकर जोडतो. पाणी कोमटच राहतं आणि कॉन्टॅक्ट उघडझाप करून झिजतात.

इलाज म्हणजे फ्लँज उघडून सफाई. बोअरच्या पाण्यावर दर वर्षी, नळाच्या पाण्यावर दोन-तीन वर्षांनी. कॉइल काढून लिंबूफुलाच्या पाण्यात, लिटरला ५० ग्रॅम, काही तास बुडवा. टर्मिनल कोरडे राहतील असं बघा. बाथरूम धुवायचं ॲसिड टाकीत ओतू देऊ नका, ते धातू खातं. आतून काचेसारखा लेप असलेल्या टाकीत छिन्नी घालू नका. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची दांडी निम्म्याहून जास्त संपली किंवा आतली तार दिसू लागली तर नवी घाला. गॅस्केट दर वेळी नवं, आणि फ्लँजचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे.

गुरुवारी पाणी बंद होतं, शुक्रवारपासून गीझर चालत नाही. संबंध आहे का?

असू शकतो. इनलेटला नॉनरिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) नसेल किंवा तो अडकून उघडा राहिला असेल, तर गच्चीवरची टाकी रिकामी झाल्यावर गीझरमधलं पाणी मागे ओढलं जाऊन खालच्या नळातून निघून जाऊ शकतं. अशा कोरड्या टाकीत कॉइल चालू राहिली की कटआऊट पडतो. नशीब नसेल तर कॉइलच जाते. टाकी भरून घ्या, बटण दाबा, चालला तर व्हॉल्व्ह बदला. पाणी बंद असण्याच्या दिवशी गीझर चालू करण्याआधी गरम नळाला धार येते का ते बघायची सवय ठेवा.

सोलरची लाइन गीझरमधून जाते. वेगळा थर्मोस्टॅट लागतो का?

नाही. सोलरचं पाणी गरम आलं की थर्मोस्टॅट वीज जोडतच नाही, ते बरोबरच आहे. अडचण उन्हाळ्यात येते: दुपारी सोलरचं पाणी फार तापलं तर कटआऊट पडतो, आणि पावसाळ्यात आभाळ भरल्यावर गीझरची गरज लागते तेव्हा तो बंद सापडतो. बटण दाबून काम होतं. कायमचा उपाय म्हणजे सोलरची लाइन गीझरला वळसा घालून नेणारी बायपास कॉक.

इतका जुना गीझर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

टाकी गळत असेल तर प्रश्नच नाही, नवा. टाकी सुकी आहे आणि फक्त थर्मोस्टॅट किंवा कटआऊट गेलाय तर खुशाल दुरुस्त करा, तांब्याच्या टाकीचे जुने गीझर तर आवर्जून. थर्मोस्टॅट, कॉइल आणि व्हॉल्व्ह तिन्ही एकदम बदलायची वेळ आली तर आमचा कौल नव्याकडे. घेताना आयएसआय चिन्ह आणि तारांकन बघा. उंच इमारतीत, विशेषतः प्रेशर पंप असेल तर, ८ बार दाब सोसणारी टाकी घ्या. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब वाढतो.

३ लिटरच्या इन्स्टंट गीझरला आणि गॅस गीझरला हेच लागू होतं का?

इन्स्टंटमध्ये दांडा नसतो. बाहेरून टाकीला टेकलेली नाण्याएवढी द्विधातूची चकती असते, तापमान कारखान्यातच ठरलेलं. बदलताना तेवढ्याच अंशांची चकती घ्या आणि ती टाकीला पूर्ण टेकेल अशी बसवा. गॅस गीझरचा मामला निराळा: ज्वाला, गॅसची गळती आणि कार्बन मोनॉक्साइड. तो घरी उघडू नका, आणि खिडकी किंवा झरोका नसलेल्या बाथरूममध्ये बसवलेला असेल तर दुरुस्तीऐवजी आधी त्याची जागा बदला.